हात न लावता उभा राहणारा फोन

फोन उघडला तसे आतून तांदळाचे दोन दाणे काउंटरच्या काचेवर पडले. हळदीनं पिवळे झालेले.

"अक्षता हाईत," गौराक्का म्हणाल्या. जणू मी जन्मात तांदूळ बघितले नव्हते.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. दुकानाच्या दारावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं, गल्ल्याजवळ आपट्याची पानं पडून होती. समोर दुंडाप्पा घुगरे आणि त्यांची बायको गौराक्का, आणि आमच्या मध्ये तो फोन. मिटला की पाकिटाएवढा, उघडला की वहीएवढा. आज घडीचे फोन कुणाच्याही हातात दिसतात, पण तेव्हा गडहिंग्लजमध्ये, निदान आमच्या कडगाव रोडला तरी, विकला गेलेला तो पहिलाच. विकणारी मी, त्यामुळं मिरवणारीही मीच. दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला सांगून मी त्याचा जीव खाल्ला होता.

आता त्या फोनच्या पाठीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. बिजागरीच्या फटीत कुंकू गच्च बसलं होतं. आतल्या पडद्यावर घडीपाशी एक काळा डाग, त्यातून दोन्ही बाजूंना रेघा गेलेल्या, आणि बाकी सगळा अंधार.

"पूजा केली?" स्टुलावर बसलेल्या लिमयेंनी विचारलं. "फोनची?"

निरंजन लिमये कंपनीचे माणूस. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. हा फोन शहरातल्या हौशी लोकांपुरताच आहे की आमच्याकडच्या साध्या माणसांनाही चालेल, हे पाहायला ते जिल्हाभर हिंडत होते. पहिला फोन खपल्याचं मी कळवलं म्हणून त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. पुड्याचा दोराही अजून सोडलेला नव्हता.

"दसऱ्याला नव्या वस्तूची पूजा करत न्हाईत व्हय तुमच्यात?" गौराक्कांनी उलट विचारलं.

"करतो ना. पण अशी उघडून, आत अक्षता टाकून..."

"मग काय झाकून पुजायचं? उघडला, हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. सांजंला पोथी मिटतो तसा हळू मिटून देव्हाऱ्यात ठेवला. सकाळी उघडतोय तर हे असं."

"मावशी, आतला पडदा फार नाजूक असतो. एक दाणा मध्ये राहिला तरी संपलं." लिमये माझ्याकडं वळले. "मॅडम, हे वॉरंटीत बसणार नाही."

"कारखान्यात लाख लाख वेळा उघडझाप करून बघतात म्हणाला होतात ना तुम्ही?" मी विचारलं.

"बघतात ना."

"तांदूळ घालून एकदा तरी बघितलंय का?"

लिमये हसले. पण ते हसू अर्ध्यातच राहिलं, कारण दुंडाप्पाअण्णा हसत नव्हते. त्यांनी ते दोन दाणे बोटाच्या टोकानं उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. देवाचे दाणे पायदळी जायला नकोत म्हणून. एवढं करतानाही त्यांचा हात हलत होता.

अण्णा मिरचीच्या बाजारात तोलार होते. सौद्याच्या दिवशी पोती काट्यावर चढवून वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. अण्णांनी पुकारलेल्या वजनावर शेतकरी आणि व्यापारी दोघंही कधी तोंड वाकडं करायचे नाहीत. मग उजवा हात थरथरायला लागला. काट्याला धरला की काटाच नाचायचा. कुणी काही म्हणायच्या आत अण्णा आपण होऊन घरी बसले. असा मानी माणूस.

फोन घ्यायला आले होते तेही त्या हातामुळंच. त्यांना एकच मुलगी, शैलजा. जन्मापासून ऐकू येत नाही. कोल्हापूरला मूकबधिरांच्या शाळेत शिकली आणि आता पुण्यात एका बेकरीत केकवर नक्षी काढायचं काम करायची. रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. खुणांनी बोलायचं म्हणजे गौराक्कांना दोन्ही हात मोकळे लागणार, म्हणून अण्णा त्यांच्या शेजारी बसून हात लांब करून फोन धरायचे.

"पोरगी म्हणती, बाबा, आईचं हात दिसत न्हाईत, समदं पाण्यात हलल्यागत दिसतंय," अण्णांनी मला सांगितलं होतं. "तर वैनी, आपोआप उभा ऱ्हाणारा फोन हाय काय?"

मी खणातून प्लास्टिकचा स्टँड काढून पुढं केला. माझा स्वभाव फटकळ असेल, पण ज्याला सुई हवी त्याच्या गळ्यात मी कधी कुऱ्हाड मारलेली नाही. अण्णांनी स्टँड उलटासुलटा करून बघितला आणि ठेवून दिला.

"ह्यो नको. ही कधी घरात, कधी मळ्यात. फोन एकीकडं ऱ्हायाचा, ह्यो एकीकडं."

"मग तांब्याला टेकवा की. तांब्या तर सगळीकडं असतो."

"तांब्याला?" अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांनाच घराबाहेर बसायला सांगितलंय. ती नजर मला तेव्हा कळली नाही. म्हातारा हेकट आहे, एवढंच मनात आलं.

मग त्यांचं लक्ष काचेतल्या घडीच्या फोनकडं गेलं. मी तो अर्धा उघडून काउंटरवर ठेवला, तसा तो आपल्या पायावर उभा राहिला. अण्णांनी वाकून त्याच्या मागंही बघून घेतलं. गौराक्कांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना एवढं मोठं चित्र बघून हरखायला झालं. वर मिटला की कमरेच्या पिशवीत मावत होता. त्या साली भुईमूग चांगला निघाला होता. जुना फोन मला देऊन, उरलेल्याचे हप्ते बांधून अण्णांनी तो घेतला.

जाता जाता म्हणाले, "पोरीचं ठरलंय. निपाणीचा पोरगा हाय. कापडाचं दुकान हाय त्यांचं." मग थोडं थांबून, सावकाश, "ऐकू येणारा हाय."

ते शेवटचं त्यांनी किती वर्षं मनात धरून ठेवलं असेल, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कोजागिरीला साखरपुडा होता.

"शैलाला पसंत आहे ना?" मला नसत्या चौकशा करायची खोड आहे.

अण्णांनी मूठ वळली आणि मान डोलवावी तशी वरखाली केली. "असं केलं तिनं. मी फोन धरूनच विचारलं. असं म्हणजे व्हय." मग पंजा उघडून आडवा हलवला. "आणि असं म्हणजे नको." परत मूठ वळून दाखवली. थरथरत होती, पण मुलीचा होकार आपल्या हातात आहे अशा दिमाखात त्यांनी ती धरली होती.

तर तोच फोन आता माझ्यासमोर मरून पडला होता.

"पडदा बदलून मिळेल का?" मी लिमयेंना विचारलं.

"मिळेल, पण मुंबईहून यायला पंधरावीस दिवस तरी जातील."

"आणि कोजागिरी तोंडावर आलीया," गौराक्का एकदम बोलल्या.

"साखरपुड्याला फोन कशाला लागतोय?" अण्णा म्हणाले. "पोरगीच येणार हाय न्हवं हितं?"

लिमयेंना बिचाऱ्यांना वाईट वाटलं असावं. "चला अण्णा, चहा घेऊ," म्हणत ते अण्णांना रस्त्यापलीकडच्या टपरीवर घेऊन गेले.

दोघं पायऱ्या उतरल्याबरोबर गौराक्का काउंटरला टेकून माझ्याजवळ सरकल्या.

"वैनी, खंडेनवमीच्या सांजंला पैल्यांदा त्यो फोन उभा केला. हे भितीला टेकून बाजूला बसलं हुतं. पोरीला दिसत नव्हतं. तिनं आधी काय विचारलं म्हाईत हाय? बाबा कुठं हाईत." त्यांनी बोटांनी मिशीला पीळ दिला, मग हात उताणा करून फिरवला. मिशी म्हणजे बाबा, उताणा हात म्हणजे कुठं. "मी खूण केली, हितंच हाईत. तर म्हणती, उद्या. तू एकटी असताना."

"मग उद्या काय झालं?"

"उद्या दसरा. पुजलेली वस्तू त्या दिवशी हातात घ्यायची न्हाई, म्हणून हे अडून बसलं. आणि आज हे झालं."

"मेसेज तरी पाठवायचा तिनं."

"मला कुठं वाचाय येतंय? मेसेज हेच वाचत्यात." त्यांनी पदरानं काचेवरची हळद पुसली. "ठरल्यापास्नं तिचं नि माझं, हे मधी नसताना, एक बोलणं झालेलं न्हाई बघा. माणूस वाईट न्हवं वो. पोरीवर जीव टाकतोय. पर ती व्हय म्हणाली ती कुणाकडं बघून म्हणाली, ते मला कळाय नको व्हय? एकदा साखरपुडा झाला की मग काय इचारायचं?"

दोन मुली आहेत मला. माझं आणि त्यांचं भांडणसुद्धा कधी तिसऱ्याच्या हातून झालेलं नाही.

त्यांचा जुना फोन माझ्या खणातच पडून होता. त्यातली माहिती पुसायचीही राहिली होती. नव्या फोनमधलं सिमकार्ड काढून मी त्यात घातलं, सगळं परत जोडून घेतलं. नव्या फोनचं रिकामं खोकं त्यांनी बिलासकट आणलंच होतं. ते काउंटरवर उभं केलं आणि जुना फोन त्याला टेकवला. नीट उभा राहिला.

"आत्ता लावू?" मी विचारलं. "जेवणाच्या सुट्टीची वेळ असेल."

गौराक्कांनी मान डोलावली. मी कॉल लावला आणि तेवढ्यात अण्णा आणि लिमये पायऱ्या चढून वर आले. माझाच वेंधळेपणा. चहाला किती वेळ लागतो ते मला कळायला हवं होतं.

"शैलाला लावलाय व्हय? आणा, मी धरतो." अण्णांचा हात सवयीनं पुढं आला.

"राहू दे अण्णा. टेकलाय."

अण्णांनी खोक्याकडं बघितलं. हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला, मग त्यांनी तो मागं घेतला आणि काउंटरच्या कडेला जाऊन उभे राहिले.

पडद्यावर शैलजा आली. केसांवर पांढरी टोपी, बाहीला गुलाबी क्रीम लागलेलं. आईला बघून हसली. गौराक्कांनी बोट गालावर ठेवून फिरवलं. शैलाच्या गालाला खळी पडते, तेच तिचं खुणेतलं नाव. एवढ्यात शैलाचं हसू ओसरलं. तिनं आईच्या आजूबाजूला, मागच्या दारावरच्या तोरणाकडं बघितलं. मग मिशीला पीळ दिला आणि हात उताणा करून फिरवला.

गौराक्कांचे हात हवेतच थांबले.

अण्णांना पडदा तिरका दिसत होता, पण दिसत होता. मुलीचा प्रश्न त्यांनी वाचला. बायकोचे थांबलेले हातही वाचले. लिमये माझ्या तोंडाकडं बघायला लागले, मी त्यांना डोळ्यांनीच गप्प बसवलं. बाहेरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

"सांग तिला," अण्णा म्हणाले. "बा भाईर गेलाय म्हणून."

गौराक्का वळल्या. "तुमी हितं तर हाईसा."

"जातोय न्हवं."

ते पायऱ्या उतरले. खाली वाकून चपला घालायला लागले. एक चप्पल पायात जाईना, ती तशीच ओढत रस्ता ओलांडला आणि टपरीशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मगच गौराक्कांनी फोनकडं तोंड करून बाबा बाहेर गेल्याची खूण केली. खोटं अजिबात नव्हतं त्यात.

पुढचं मला काही कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. शैलाचे हात आधी दबकत चालले, मग भराभर. मध्येच तिनं बोटं तोंडाशी नेऊन कुणीतरी बोलत असल्यासारखी हलवली, मिशी दाखवली, परत बोटं हलवली, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. गौराक्का विचारत होत्या, ती सांगत होती. दोघींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायला एकीचाही हात मोकळा नव्हता. मी पुढं होऊन गौराक्कांचे डोळे माझ्याच पदरानं पुसले. लिमये वळून दाराकडं तोंड करून उभे राहिले. तेवढी रीत होती त्या माणसाला.

शेवटी शैलानं पंजा उघडला आणि आडवा हलवला. तेवढं मला वाचता आलं.

कॉल संपल्यावर गौराक्का स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं.

"त्यो पोरगा दोनदा बघाय आला," त्या म्हणाल्या. "दोन्ही डाव ह्यांच्याशीच बोलला. हे मधी बसून तिला खुणा करून सांगायचे. ती म्हणती, त्यानं माझ्याकडं तोंड सुदीक केलं न्हाई, एक खूण शिकली न्हाई. पर बाबांनी इचारलं तवा बाबांचं तोंड एवढं फुललेलं, मी बाबांच्या तोंडाकडं बघून व्हय म्हणाले." पाणी अर्धंच पिऊन त्यांनी भांडं ठेवलं. "आता ह्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू?"

पण त्या उठल्या आणि दाराशी गेल्या. रस्त्यावर गर्दी होती. एसटी, रिक्षा, सायकली, टपरीवर चार ओळखीची माणसं. हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती, आणि असली गोष्ट ओरडून सांगायचीही नव्हती. कसं कोण जाणे, अण्णांनी मान वळवून बघितलं. बायको दारात दिसल्यावर पुरते वळले.

गौराक्कांनी गालावर बोट ठेवून फिरवलं. मग पंजा उघडला आणि आडवा हलवला.

अण्णा बघत राहिले. दोघांनाही चांगलं ऐकू येतं, दोघांनाही बोलता येतं, आणि दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून मुलीच्या भाषेत बोलत होते. मधून एक टेम्पो गेला आणि अण्णा दिसेनासे झाले. मला वाटलं, टेम्पो गेला की ते निघून गेलेले असतील. निपाणीच्या लोकांना शब्द दिला होता त्यांनी, आणि शब्दाला आणि वजनाला तो माणूस कधी फिरला नव्हता. पण टेम्पो गेला तेव्हा ते तिथंच होते. त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला, वर झाला आणि त्यांनी मूठ वळली.

ती मूठ इतकी थरथरत होती, की त्यांनी एकदाच होय म्हटलं तरी ते पुन्हा पुन्हा म्हटल्यासारखं दिसलं.

दुकानात आल्यावर त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. खोक्याला टेकलेला जुना फोन उचलून बायकोच्या हातात दिला.

"निपाणीला मी सोता जाऊन सांगतो. फोनवर न्हाई," ते तिला म्हणाले. मग मला, "वैनी, तांब्याला टेकवला असता तरी चाललं असतं वो. मलाच हात काढायचा नव्हता."

लिमयेंनी घसा साफ केला. "अण्णा, आमच्या साहेबांना काय सांगू? हा फोन चालेल का इकडं?"

"चालंल की. फोन चांगला हाय." अण्णांनी मेलेला फोन मिटला, रुमालात बांधला. "तांदूळ सोसाय लागला की आणा परत."

लिमयेंनी पेढ्यांच्या पुड्याचा दोर सोडला आणि सगळ्यांपुढं पुडा धरला. कशाचे पेढे ते आता कुणालाच सांगता आलं नसतं, पण अण्णांनी एक घेतला. तो तोंडात टाकून पायरीपर्यंत गेले, चपला घातल्या, आणि तिथूनच वळून म्हणाले,

"वैनी, त्यो पलास्टिकचा स्टँड हाय न्हवं अजून? द्या."